संगणकाच्या पिढ्यांची वर्षे प्रत्येक पुस्तकात निराळी का?

वर्गचालक, चोपडा

चोपड्याला माझा संगणकाचा छोटा क्लास आहे. दर बॅचला पहिल्याच आठवड्यात मी ‘संगणकाच्या पिढ्या’ हा धडा घेतो आणि इतकी वर्षे तो कधी अडचणीचा वाटला नव्हता. पहिली पिढी व्हॅक्यूम ट्यूबची, दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी आयसीची (सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर जोडलेले अनेक घटक), चौथी मायक्रोप्रोसेसरची (एकाच चिपमध्ये मावलेला गणना करणारा भाग) आणि पाचवी कृत्रिम बुद्धिमत्तेची, असे फळ्यावर पाच रकाने आखायचे, खाली वर्षे लिहायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचे, हा शिरस्ता होता. मागच्या आठवड्यात मात्र अडावदहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन पुस्तके माझ्या टेबलावर उघडून ठेवली. एकात पहिली पिढी १९४० ते १९५६ अशी दिली होती, दुसऱ्यात १९४६ ते १९५९ आणि तिसऱ्यात १९४२ ते १९५५. ‘सर, यातले खरे कोणते?’ या तिच्या प्रश्नावर ‘परीक्षेला आपल्या पुस्तकातले लिही’ एवढेच मला सांगता आले आणि ते सांगताना मीच ओशाळलो.

तेव्हा जाणकारांना विचारतो की ही वर्षे ठरवली कशी जातात. शिवाय चौथी पिढी ‘१९७१ ते आजपर्यंत’ आणि पाचवी ‘१९८० ते आजपर्यंत’ असे एकाच पानावर छापलेले असते. दोन पिढ्या एकाच वेळी ‘आजपर्यंत’ चालू कशा असतील? भारतातली जुनी यंत्रे या तक्त्यात कुठे बसतात हेही कोणी सांगितले तर उपकार होतील, कारण आमच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेखच नाही.

निवृत्त प्राध्यापक, जळगाव

आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे आणि हा धडा मीही बरीच वर्षे आपल्यासारखाच पाच रकान्यांत उरकला आहे, त्यामुळे पुढील मजकुरात थोडे प्रायश्चित्तही आहे असे समजावे.

संगणकाची पिढी त्याच्या मुख्य घटकावरून, म्हणजे आतला ‘चालू-बंद’ करणारा भाग कशाचा आहे यावरून ठरवण्याची पद्धत आहे. घोटाळा असा की प्रत्येक घटकाला तीन तारखा असतात. एक त्याच्या शोधाची, दुसरी त्यावर चालणारा पहिला संगणक उभा राहिला त्याची आणि तिसरी तो संगणक बाजारात रुळला त्याची. ट्रान्झिस्टरचेच पाहा. बेल लॅबमध्ये बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ली यांच्या गटाने तो डिसेंबर १९४७ मध्ये चालवून दाखवला. त्यावर आधारलेला ट्रॅडिक हा संगणक त्याच प्रयोगशाळेत १९५४ च्या सुमारास तयार झाला. आणि आयबीएमचा १४०१, ज्याच्यामुळे ट्रान्झिस्टरचा संगणक साध्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचला, तो १९५९ मध्ये जाहीर झाला. आता दुसरी पिढी कधी सुरू झाली म्हणायची? ज्याने जी तारीख धरली तिच्यावरून त्याने पहिल्या पिढीचा शेवट लिहिला. पहिल्या पिढीच्या सुरुवातीचेही तसेच आहे. एनिआक हे यंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठात लोकांना दाखवण्यात आले, म्हणून कोणी १९४६ धरतो, तर आयोवात अॅटानासॉफ आणि बेरी यांनी १९४२ पर्यंत जे ट्यूबचे यंत्र जुळवले होते त्याचा मान राखायचा म्हणून कोणी मागे जातो.

ट्रान्झिस्टर हा पहिल्या पिढीतल्या बहुतेक नामांकित यंत्रांपेक्षा वयाने मोठा आहे, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. अमेरिकेच्या जनगणना खात्याला युनिव्हॅक मिळाला तो १९५१ साली, म्हणजे ट्रान्झिस्टर जन्मून तीन वर्षे उलटल्यावर, आणि तरीही तो ट्यूबचाच होता. रावेर-यावल पट्ट्यात टिश्यू कल्चरची ग्रँड नैन केळी आली म्हणून कंदापासून लावायची जुनी बसराई केळी त्याच हंगामात शिवारातून गेली नाही. दोन्ही बागा बांधाला बांध लावून कैक वर्षे उभ्या होत्या.

भारतातले यंत्र याच कारणाने तक्त्यात अडखळते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो संगणक बांधला गेला, त्याचे छोटे नमुना यंत्र १९५६ मध्ये चालू झाले आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० ट्यूब होत्या, म्हणजे घटक पाहता ते पहिल्या पिढीचे. पण त्याची स्मृती फेराइट कोअरची होती, ४० बिटांचे (बिट म्हणजे एक ० किंवा १) २,०४८ शब्द, म्हणजे एकत्र हाताळायचे गट, मावतील एवढी, आणि कोअर स्मृती पुस्तके दुसऱ्या पिढीच्या रकान्यात लिहितात. आता ते कुठे बसवणार? कोअर म्हणजे काळ्या मण्यांएवढ्या, किंबहुना त्याहून बारीक चुंबकी कड्या. त्या तारांच्या जाळीत हाताने ओवलेल्या असत आणि एका कडीत एक बिट राही. २,०४८ गुणिले ४० केले की ८१,९२० होतात. तेवढ्या कड्या ओवणाऱ्यांच्या डोळ्यांचे काय झाले असेल, हा विचार मला दर वेळी येतो. टिफ्रॅकच्या आधी, १९५५ मध्ये, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आणलेला एचईसी-२एम बसवला गेला होता. भारतातला पहिला डिजिटल संगणक तो, तर टिफ्रॅक इथेच बांधलेला.

आणखी एक खटकणारी नोंद. फोरट्रान ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा तक्त्यात दुसऱ्या पिढीखाली असते, परंतु १९५७ मध्ये ती ज्या आयबीएम ७०४ साठी बाहेर पडली ते यंत्र ट्यूबचे होते. तिसऱ्या पिढीचे ठळक उदाहरण म्हणून दिला जाणारा आयबीएमचा सिस्टिम ३६० एप्रिल १९६४ मध्ये जाहीर झाला, आणि त्यात खऱ्या अर्थाने आयसी नव्हत्याच. सिरॅमिकच्या छोट्या वड्यांवर सुटे ट्रान्झिस्टर आणि डायोड जोडलेले असत. तरीही त्याला तिसऱ्या पिढीचा म्हणतात, कारण लहान यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम त्याच कुटुंबातल्या मोठ्या यंत्रावर चालावा ही कल्पना त्याने बाजारात रुजवली. म्हणजे इथे कसोटी गुपचूप बदलली गेली आणि घटकाऐवजी रचना पाहिली गेली. माझ्या मते तक्त्यातली ही सर्वांत मोठी लबाडी आहे.

रेडिओ दुरुस्ती, अमळनेर

प्राध्यापक साहेबांनी ट्यूब म्हटले, आम्ही तिला व्हॉल्व्ह म्हणत असू. मी संगणकाचा जाणकार नाही, पण व्हॉल्व्हचे रेडिओ मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून उघडत आलो आहे. पहिली पिढी का संपली हे ज्याने व्हॉल्व्ह हाताळला आहे त्याला चटकन कळते, म्हणून लिहितो.

व्हॉल्व्ह आधी तापावा लागतो. रेडिओचे बटण फिरवल्यावर आवाज यायला जो अर्धा मिनिट लागे, तो आतले फिलामेंट लाल होण्याचा वेळ. ऐकण्यासाठी नव्हे, नुसते तयार राहण्यासाठी ते सतत वीज खाते. माझ्याकडे अजून ईएल८४ चे दोन-तीन नग आहेत. त्याच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट आणि पाऊण अँपियर लागतो, म्हणजे पाच वॉटच्या आत-बाहेर. एनिआकमध्ये सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते असे वाचले. या नगाच्या हिशेबाने नुसती फिलामेंट तापवायलाच ८५ किलोवॉटच्या घरात वीज गेली असती. त्या यंत्राला एकूण १५० किलोवॉट लागत असे सांगतात, तर आपल्याकडच्या पाच एचपीच्या साधारण चाळीस मोटारी एकाच वेळी चालवल्यासारखे झाले. आणि ती सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन उतरते. अमळनेरच्या मे महिन्यात असे यंत्र लावायचे म्हटले तर आधी यंत्राला नव्हे, माणसांना दवाखान्यात न्यावे लागेल.

व्हॉल्व्ह जातो कसा तेही पाहण्यासारखे असते. काचेच्या आत, वरच्या टोकाला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा पडला की समजायचे, आत हवा शिरली आणि नग संपला. डाग शाबूत असूनही आवाज खरखरत असेल तर मी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकत असे. ज्याच्यावर ठोकल्यावर स्पीकरमध्ये खट् वाजे तो दोषी. रेडिओत असे चार-पाच नग असतात, म्हणून ते जमते. अठरा हजारांत दोषी नग शोधणाऱ्यांचे काय होत असेल? एनिआकमध्ये साधारण दर एक-दोन दिवसांनी एखादा जाई. व्हॉल्व्ह बहुधा चालू करण्याच्या वेळी, गार फिलामेंटवर एकदम वीज आली की जातो, म्हणून तिथले लोक यंत्र शक्यतो बंदच करत नसत. हे वाचले तेव्हा मला बरे वाटले, कारण मीही गिऱ्हाइकांना हेच सांगे की सारखे बंद-चालू करू नका.

ट्रान्झिस्टरला तापावे लागत नाही आणि त्याला काच नाही, एवढ्याने निम्मी डोकेदुखी गेली. पण सुरुवातीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उन्हाळ्यात आमच्याकडे फार छळत. दुपारी ओट्यावर ठेवलेला रेडिओ घोगरा होई आणि संध्याकाळी आपोआप सुधारे. गरम झाला की जर्मेनियममधून नको तो प्रवाह गळू लागतो, त्याने तो आणखी गरम होतो. सिलिकॉनचे आले तेव्हा ही तक्रार थांबली. तक्त्यात दोन्हींना एकच ‘ट्रान्झिस्टर’ रकाना आहे, पण खानदेशात दुरुस्ती करणाऱ्याला विचाराल तर तिथे आणखी एक रेघ हवी होती.

आयसी का करावी लागली, याचेही उत्तर माझ्या टेबलावर आहे. ट्रान्झिस्टर क्वचित जाई, त्याची झाळण मात्र सुटे. यंत्रात हजारो ट्रान्झिस्टर म्हटले की झाळणीचे सांधे त्याच्या कितीतरी पट झाले, आणि एक कच्चा सांधा पुरतो.

निवृत्त प्राध्यापक, जळगाव

शेवटच्या परिच्छेदाला माझे पूर्ण अनुमोदन. १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी आणि पुढच्या वर्षी फेअरचाइल्डमध्ये रॉबर्ट नॉइस यांनी जे केले ते नेमके याच सांध्यांच्या कटकटीतून सुटण्यासाठी. किल्बींनी सगळे घटक एकाच तुकड्यात घेतले, तरी त्यांना बारीक तारांनी जोडलेले होते. नॉइस यांनी जोडण्याही त्याच तुकड्यावर धातूच्या थरातून काढल्या आणि झाळण उरलीच नाही. ‘आयसीचा शोध कोणी लावला’ या एक गुणाच्या प्रश्नाला दोन्ही नावे लिहावीत.

भुसावळकर

माझे वडील भुसावळला रेल्वेत होते. दुसऱ्या पिढीचा एकही संगणक मी पाहिलेला नाही, पण तिचा एक तुकडा आमच्या घरात होता, तो म्हणजे पंच कार्ड. १९६० च्या दशकात रेल्वेने आपल्या क्षेत्रीय मुख्यालयांत आयबीएम १४०१ बसवले होते. यंत्रे मुंबईसारख्या ठिकाणी असत, तिथली बाद कार्डे मात्र फिरत फिरत आमच्यापर्यंत येत आणि आई त्यांवर किराण्याची यादी लिही. जाड, गुळगुळीत, पिवळसर कागद, ८० उभ्या ओळी आणि त्यांत चौकोनी लांबट भोके. एक कोपरा तिरका कापलेला असे. तो का, हे मी वडिलांना विचारले होते. गठ्ठ्यात एखादे कार्ड उलटे लागले तर तो कोपरा लगेच डोळ्यांत भरावा, म्हणून.

वर्गचालकांनी आपल्या मुलांना वर्षे सांगण्याआधी हे सांगावे की एका कार्डावर मजकुराची एक ओळ, म्हणजे जास्तीत जास्त ८० अक्षरे मावत. मोबाइलवरचा एक साधा फोटो कार्डांवर उतरवायचा झाला तर किती गठ्ठे लागतील, हे गणित मुले आनंदाने करतील.

एका गोष्टीवर मात्र माझा आक्षेप आहे. कसोटी बदलण्याला प्राध्यापक महोदयांनी ‘लबाडी’ म्हटले, ते मला पटत नाही. १४०१ वर लिहिलेले प्रोग्राम नव्या यंत्रासाठी पुन्हा लिहावे लागणे, ही त्या काळच्या कचेऱ्यांची खरी अडचण होती. ती ज्या यंत्राने हाताळली त्याला नवी पिढी म्हणण्यात गैर काय? वापरणाऱ्याला आतली वडी सिरॅमिकची की सिलिकॉनची याच्याशी काय देणेघेणे?

निवृत्त बँक अधिकारी, धुळे

भुसावळकरांच्या म्हणण्याला मी माझा अनुभव जोडतो. प्राध्यापक साहेबांनी तीन तारखा सांगितल्या. मला चौथी मांडायची आहे, ती म्हणजे यंत्र आपल्या गावात आले ती तारीख.

धुळे जिल्ह्यातल्या ज्या शाखेत मी कारकून म्हणून लागलो, तिथे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सगळे हाताने चाले. खतावणी दोन माणसांनी उचलावी एवढी जड. सहामाहीच्या व्याजाच्या रात्री आम्ही शाखेतच जेवत असू, आणि ताळेबंदात नऊ पैशांचा फरक राहिला म्हणून पहाट झाल्याचे मला आठवते. मग एके दिवशी खतावणी पोस्टिंगचे यंत्र आले. ते मायक्रोप्रोसेसरवर चालणारे, म्हणजे तक्त्याप्रमाणे थेट चौथी पिढी. पहिल्या तीन पिढ्या आमच्या शाखेत फिरकल्याच नाहीत. आम्ही शाईच्या दौतीवरून उठलो आणि चौथ्या पिढीच्या पडद्यासमोर बसलो.

त्या यंत्राची खोली शाखेतली एकमेव वातानुकूलित खोली होती आणि तिच्या दारात चपला काढाव्या लागत. आमचे एक शिपाईभाऊ आत जाताना हातही जोडत. नोकऱ्या जातील म्हणून संघटनांचा विरोध होता, आणि ती भीती आम्हा सर्वांनाच वाटे. आज कोणी त्यावर हसत असेल तर त्याने त्या वेळच्या कारकुनाच्या जागी उभे राहून पाहावे. प्रत्यक्षात आम्हाला छळले ते धुळीने आणि भारनियमनाने. सव्वापाच इंची फ्लॉपीत ३६० किलोबाइट मावत. एका चैत्रात, वावटळीच्या दिवशी, दिवसभराचे पोस्टिंग असलेली फ्लॉपी वाचलीच जाईना. पुरवठादाराचा माणूस चौथ्या दिवशी आला आणि ‘फ्लॉपी जपून ठेवा’ एवढे सांगून गेला. दरम्यान आम्ही सगळ्या स्लिपा काढून जुन्या खतावणीतच नोंदी केल्या. तेव्हापासून दोन प्रती काढायची सवय लागली.

शहाद्याचा, सध्या पुण्यात

पाचव्या पिढीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि कॉलेजात असताना याच रकान्याने मलाही गोंधळात टाकले होते.

पहिल्या चार पिढ्यांची नावे मागे वळून पाहताना दिली गेली. पाचवीचे नाव मात्र बाळ जन्मण्याआधीच ठेवले गेले. जपान सरकारने १९८२ मध्ये ‘पाचव्या पिढीचे संगणक’ याच नावाने दहा वर्षांचा प्रकल्प हाती घेतला, त्यासाठी आयकॉट नावाची संस्था काढली, आणि काझुहिरो फुची यांच्याकडे तिच्या संशोधनाची धुरा दिली. अनेक प्रोसेसर एकाच वेळी चालवायचे, प्रोलॉगसारख्या तर्काच्या भाषेत त्यांना नियम आणि वस्तुस्थिती द्यायची आणि यंत्राने त्यातून निष्कर्ष काढायचे, अशी ती कल्पना होती. अमेरिका आणि युरोप यांनी धसका घेऊन आपापले प्रकल्प सुरू केले. त्याच काळात पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी पाचवा रकाना आखला आणि ‘१९८० नंतर’ असे लिहून ठेवले. प्रकल्पातली यंत्रे तयार झाली, पण तोवर साधे, स्वस्त मायक्रोप्रोसेसर इतके वेगवान झाले होते की खास तर्कासाठी बांधलेले यंत्र कोणी विकत घेईना. १९९२ मध्ये दहा वर्षे पुरी झाली. रकाना तेवढा राहून गेला.

म्हणून आपल्या ‘दोन्ही आजपर्यंत कशा’ या प्रश्नाचे माझे उत्तर असे की घटकाची कसोटी लावली तर आपण अजून चौथ्या पिढीतच आहोत. १९७१ च्या इंटेल ४००४ या मायक्रोप्रोसेसरमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि आजच्या चिपमध्ये ते अब्जावधी असतात, पण तुकडा सिलिकॉनचाच आहे. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता मुख्यतः चित्रे काढण्यासाठी घडवलेल्या प्रोसेसरांच्या वंशजांवर चालते आणि तिची पद्धतही आयकॉटच्या नियमांच्या तर्काहून वेगळी आहे. एकाच वेळी अनेक प्रोसेसर चालवण्याची गोष्ट मात्र टिकली. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तयार केलेला परम ८००० हा महासंगणक त्याच वाटेचा होता.

मुलांना एक तुलना आवडते. टिफ्रॅकमध्ये २,७०० ट्यूब आणि ४००४ मध्ये २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे मुंबईत एक दालन व्यापणारा ऐवज अकरा वर्षांत करंगळीच्या नखावर आला.

निवृत्त प्राध्यापक, जळगाव

तुलना सुंदर आहे, परंतु मुलांपुढे ठेवताना एक सावधगिरी बाळगावी. टिफ्रॅक एका वेळी ४० बिटांचा शब्द हाताळत असे आणि ४००४ अवघ्या चार बिटांचा. तो एका जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी घडवला होता. संख्या जुळते, ताकद जुळत नाही.

भुसावळकरांच्या आक्षेपावर रात्रभर विचार केला. ‘लबाडी’ हा शब्द मागे घेतो. तक्ता करणाऱ्याने कसोटी बदलल्याचे सांगितले नाही, एवढीच माझी तक्रार आता शिल्लक आहे.

वर्गचालक, चोपडा

सर्वांचे मनापासून आभार. काल फळ्यावर पाच रकान्यांऐवजी आडव्या पट्ट्या काढल्या, एकमेकींवर चढलेल्या. प्रत्येक पट्टीवर शोध, पहिले यंत्र आणि बाजार अशा तीन खुणा केल्या आणि धुळ्याच्या साहेबांची चौथी खूण मुलांनाच आपापल्या घरी विचारून आणायला सांगितली. एकाच्या आजोबांनी १९९४ सांगितले, एसटीच्या आरक्षण खिडकीवर पडदा पाहिला म्हणून. पाचव्या पिढीची पट्टी तुटक रेघेने काढली आहे. अडावदच्या मुलीला परीक्षेसाठी पुस्तकातलेच वर्ष लिहायला सांगितले, पण या वेळी ते का, हेही सांगता आले.

अमळनेरच्या काकांना एक विनंती. मुलांपैकी कोणीच व्हॉल्व्ह पाहिलेला नाही. एखादा गेलेला नग मिळेल का?

रेडिओ दुरुस्ती, अमळनेर

गेलेला कशाला, चालू नगच देतो. सोबत एक पांढरा पडलेलाही ठेवतो, म्हणजे चंदेरी डागातला फरक दिसेल. शनिवारी आमचा भाचा चोपड्याला येतो आहे, त्याच्या हाती खोक्यात कापूस घालून पाठवतो. फिलामेंटला ६.३ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावा, थेट मेनवर कधीही लावू नका. चौथ्या आणि पाचव्या पिनेला जोडायचे. खोलीतले दिवे मालवले की अर्ध्या मिनिटात नारिंगी उजेड दिसेल. तापल्यावर मुलांना काचेला हात लावू देऊ नका.